दाराबाहेरचा उमेदवार

घाबरणं हा प्रकार माझ्या स्वभावातच नाही. मुलाखतीचं पत्र आल्यापासून तीन दिवस मला घास गिळवत नव्हता, दोनदा मी पायात वेगवेगळ्या चपला घालून बाहेर पडलो आणि एकदा दाढीचा साबण ब्रशवर घेऊन दात घासले, हे सगळं खरं. पण त्याला मी घाबरणं म्हणत नाही. तयारी म्हणतो!

तर सांगायचा मुद्दा असा, की मुलाखतीआधी मन शांत कसं ठेवावं, ह्याचा रामबाण उपाय माझ्याकडे आहे. लोक उगाच लांब श्वास घेतात, आकडे मोजतात, देवाला साकडं घालतात. मला ह्यातलं काही लागत नाही. मला लागतं एक कुलूप!

त्याचं असं आहे. अकरा वर्षं मी कुलपांच्या कारखान्यात तपासणीला होतो. दिवसाला चारशे कुलपं. किल्ली घालायची, फिरवायची, कुलूप कानाशी धरायचं. 'टक्' असा कोरडा आवाज आला की खडूची खूण करून पुढे. 'टकर्र' आला की मागे. ह्या कानांनी अकरा वर्षांत एकही खोटं कुलूप बाजारात जाऊ दिलं नाही. सात महिन्यांपूर्वी माझ्या जागी यंत्र आलं. त्याला कान नाहीत, पण ते चहाला उठत नाही आणि पगारवाढ मागत नाही. मी घरी आलो.

माझ्या हातांना मात्र हे कुणी कळवलंच नाही! ते आपले कामावरच. जरा जीव घाबरा झाला की समोर जे असेल ते उघडायचं, लावायचं, उघडायचं, लावायचं. कपाट, खण, चष्म्याचं घर, काही चालतं. एकदा बायकोशी बोलता बोलता मी तिची पर्स एकोणीस वेळा उघडली आणि मिटली. विसाव्या वेळी तिनं ती माझ्या हातातून काढून डोक्याखाली घेतली आणि झोपली.

थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. ते सात महिने ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर दोन-दोन पाळ्या करत होती. मला एका शब्दानं कधी टोचून बोलली नाही. तेच फार टोचायचं. म्हणून औषधांच्या कंपनीत भांडारपालाची जागा निघाली, तेव्हा मला ती नोकरी हवी होती. अगदी रडू येईल इतकी हवी होती.

आदल्या दिवशी सासूबाईंनी माझी तयारी घ्यायचं ठरवलं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्याकडेच असतात. जेवणाचं टेबल पुसून घेतलं, नाकावर चष्मा चढवला आणि मला समोर उभं केलं.

"नाव?"

"अहो आई, तुम्हाला माहीत नाही का?"

"उमेदवारानं परीक्षकाला आई म्हणायचं नसतं. नाव?"

मी सांगितलं.

"ऐकू आलं नाही!"

मी परत सांगितलं. ह्या वेळी शेजारच्यांनी खिडकीतून विचारलं, "काय हो, बोलावलंत का?"

"सात महिने काय केलंत?" सासूबाईंनी पुढचा बाण सोडला.

झालं! घशातून फक्त वारा येत होता. आणि हात? हातांनी तोवर साखरेचा डबा पकडला होता. झाकण उघड, लाव. उघड, लाव.

"नापास!" सासूबाई म्हणाल्या. "आणि डबा खाली ठेवा, मुंग्या येतील."

"आई, कशाला घाबरवतेस गं त्यांना?" बायको आतून ओरडली.

"मी कुठं घाबरवतेय? मी अजून खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही!"

शेवटी तोडगा बायकोनंच काढला. सकाळी निघताना तिनं माझ्या कोटाच्या खिशात एक लहानसं कुलूप टाकलं, किल्लीसकट.

"हे घ्या. जीव घाबरला की खिशातल्या खिशात उघडा आणि लावा. पण एक वचन द्या. तिथं दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही."

"शपथ!" मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो हो!

कंपनीचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लांब बोळ, एका भिंतीला चार खुर्च्या, समोर मुलाखतीची खोली, आणि टोकाला टेबलामागे स्वागताच्या बाई. त्यांच्या चेहऱ्यावर स्वागत सोडून बाकी सगळं होतं. आम्ही उमेदवार चौघे. पहिला टकलू, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ म्हणत होता. दुसरा सारखा टाय नीट करत होता. तिसरी एक उंच मुलगी, ती चक्क डुलकी काढत होती! आणि शेवटी मी.

मी खिशात हात घातला. टक्. काय बरं वाटलं! टक्. छातीतली धडधड उतरली. टक्. टक्. टक्.

टकलूनं एक डोळा उघडला. "अहो, तुमच्याकडून कसला आवाज येतोय?"

"गुडघा," मी म्हणालो. "वाजतो माझा."

"बसल्या बसल्या?"

"जुना आहे."

टक्. टक्. टायवाला वळून बघायला लागला. टक्. स्वागताच्या बाई उठल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"गुडघा द्या."

"अं?"

"खिशातला गुडघा. इकडे द्या. जाताना मिळेल."

कुलूप गेलं आणि त्याच्याबरोबर माझा रामबाण उपायही गेला. आता हात रिकामे आणि डोकं भरलेलं. टकलू आत गेला, बाहेर आला. टायवाला आत गेला, बाहेर आला. उंच मुलगी जांभई आवरत आत गेली आणि तिच्यामागे दार पहिल्यांदाच पुरतं बंद झालं.

टकर्र!

माझ्या कानात सुई गेली. मी आजूबाजूला बघितलं. कुणालाच काही वाटलेलं नव्हतं! अहो, ते दार धडधडीत नापास होतं! हँडल सैल, त्याचा स्क्रू अर्धा बाहेर, लॅचची जीभ अडकतेय. अकरा वर्षांत असला माल मी हाताखालून जाऊ दिला नव्हता. मी नजर वळवली आणि छताकडे बघितलं. मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसलो. पण हात मांडीखालून निघालेच आणि त्यांच्यामागून मी निघालो.

म्हटलं, एकच स्क्रू. अर्धा फेरा आवळायचा आणि परत येऊन बसायचं. स्वागताच्या बाई फोनवर होत्या. मी खिशातला नेलकटर काढला, त्याची पाती स्क्रूच्या खाचेत घातली आणि अगदी हलक्या हातानं फिरवली.

हँडल माझ्या हातात आलं! आणि आतल्या बाजूला काहीतरी 'धप्प' करून पडलं.

"कोण आहे रे?" आतून एक दणदणीत आवाज आला. हे साहेब. पत्रावर ज्यांची सही होती ते.

मी हातात हँडल घेऊन उभा. कुणीतरी आपलं तान्हं बाळ माझ्याकडे देऊन पळून गेल्यासारखा! आतून कुणीतरी हँडलची पडलेली सळई उचलली, भोकात उलटी घातली आणि सगळा जोर लावून पिळली.

"जोर लावू नका!" मी ओरडलो. पण उशीर झाला होता. लॅचमधून 'कर्रर्र' असा आवाज आला. कुलपाचा जीव जातो तेव्हा असाच आवाज येतो, मला विचारा! दार पक्कं अडकलं.

स्वागताच्या बाई धावत आल्या. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"हे तुमच्याकडे कसं?"

"आपोआप आलं."

"हँडल आपोआप येतं?"

"त्याचं मन उठलं होतं हो इथून."

त्यांनी देखभालीच्या माणसाला फोन लावला. तो दुसऱ्या इमारतीत नळ दुरुस्त करत होता आणि दोन तास येणार नव्हता. आतून दारावर थापा पडायला लागल्या.

"हे दार कोणी मोडलं?" साहेब गरजले. "ज्यानं मोडलं असेल, त्याला पुन्हा ह्या इमारतीची पायरी चढू देणार नाही!"

सात महिने, बायकोच्या दोन-दोन पाळ्या, सासूबाईंचा चष्मा, सगळं त्या दारात अडकलं होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात स्वागताच्या बाई मोठ्यानं म्हणाल्या, "साहेब, काळजी करू नका! मिस्त्री आलेत!"

मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "ह्या दाराची तक्रार मी सहा महिन्यांपूर्वी लिहून द्यायला हवी होती. राहून गेली. तेव्हा आता तुम्ही मिस्त्री. शेवटचा उमेदवार पाणी प्यायला गेलाय. कळलं?"

"कळलं. माझं कुलूप द्या."

"आत्ता? मन शांत करायला?"

"हातोडी म्हणून!"

नशीब एवढंच, की दार बाहेर उघडणारं होतं. म्हणजे बिजागऱ्या माझ्या बाजूला. मी कोट काढला, बाह्या सारल्या आणि खाली वाकून बघितलं. तीन बिजागऱ्या, तिन्ही गंजलेल्या.

"मिस्त्री, किती वेळ लागेल?" साहेबांनी आतून विचारलं.

"लॅच गेलंय, साहेब. बिजागऱ्यांच्या पिना काढून अख्खं दारच उतरवतो. गंज आहे. अर्धा तास धरा. आणि दाराला कुणी हात लावू नका."

बोलून झाल्यावर मीच दचकलो. हा आवाज कुणाचा? घोगरा नाही, कापरा नाही, मध्ये वारा नाही! मी वळून मागं बघितलं. माझ्यामागं कुणी नव्हतं.

"अर्धा तास?" आतून दुसरा एक रडवेला आवाज आला. मुलाखतीला तिघेजण बसले होते, साहेब, भांडाराच्या प्रमुख मॅडम, आणि हे तिसरे. "मला बंद खोलीत गुदमरतं हो! मी खिडकीतून उडी मारेन!"

"सर, तिसरा मजला आहे," उंच मुलीचा शांत आवाज आला. "खिडकी उघडते, तिथं खुर्ची घेऊन बसा. मॅडम, पाण्याचा जग माझ्याकडे द्या. एक जग, चार माणसं. आत्ता अर्धा-अर्धा पेला, पंधरा मिनिटांनी परत अर्धा. बिस्किटं सहा आहेत. प्रत्येकी एक, दोन राखीव. नाही सर, दुसरं आत्ता नाही!"

मी नेलकटरची पाती पिनेखाली धरली आणि कुलपानं ठोकायला सुरुवात केली. पिन हलेना. स्वागताच्या बाईंनी पर्समधून हाताला लावायचं क्रीम काढून दिलं. बिजागरीला गुलाबाचा वास यायला लागला. पिन केसभर सरकली.

"मिस्त्री, हात चांगला दिसतोय तुमचा," साहेब वेळ काढायला बोलायला लागले. "कुठं शिकलात?"

"कारखान्यात, साहेब. अकरा वर्षं."

"मग सोडलंत का?"

"मी नाही सोडलं, ते सुटलं. माझ्या जागी यंत्र आलं." ठक्, ठक्. "पहिला महिना यंत्राचा राग आला. मग स्वतःचा यायला लागला."

"आणि त्यानंतर काय केलंत?"

घरी टेबलापाशी उभं राहून ह्याच प्रश्नाला मी साखरेचा डबा धरला होता. आता मात्र दोन्ही हात कामात होते आणि समोर नुसतं लाकूड.

"त्यानंतर, साहेब, आमच्या गल्लीतली कुलपं दुरुस्त केली. सात महिन्यांत सदतीस. एका आजोबांची पेटी होती, किल्ली हरवून वीस वर्षं झालेली. ती उघडून दिली. कुणाकडून काही घेतलं नाही. बायको दिवसभर राबून येते. ती आली की तिला सांगायला आपल्याकडे काहीतरी असावं, एवढ्याचसाठी करत होतो."

पहिली पिन बाहेर आली. मी दुसरीला लागलो.

"मिस्त्री," मॅडमचा आवाज आला. मागून कागद चाळल्याची खसखस. "तो शेवटचा उमेदवार सापडला का हो?"

"पाणी प्यायला गेलाय, मॅडम."

"अजून पितोच आहे?"

"तहान फार आहे त्याला, मॅडम."

"असू दे, असू दे," मॅडम म्हणाल्या आणि खोकल्या. निदान मला तरी तो खोकला वाटला.

दुसरी पिन निघाली. मग तिसरी. मी दाराला मिठी मारली, उचललं आणि मागं सरलो. दार माझ्या अंगावर, मी दाराच्या मागं आणि समोरून सुटका झालेली मंडळी बाहेर येतायत. आवाजावरून साहेब मी दरवाजाएवढे धरले होते. निघाले माझ्या खांद्याला लागणारे! तिसरे तर पळतच जिन्याकडे गेले आणि परत आलेच नाहीत.

"शाबास, मिस्त्री!" साहेबांनी दारावरच थाप मारली, कारण मी दिसत नव्हतो. "आता त्या शेवटच्या उमेदवाराला पाठवा. उरकून टाकू."

दार भिंतीला टेकवलं. बाह्या सोडल्या, कोट चढवला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला. आणि दार नसलेल्या चौकटीपाशी जाऊन उभा राहिलो. ठोठावणार कशावर? चौकटीवरच ठोठावलं.

"येऊ का आत?"

हा आवाज मात्र माझाच होता. कुणीतरी गळा धरल्यासारखा.

"बसा," साहेब म्हणाले. मी बसलो. मागं दार नव्हतं, त्यामुळे बोळात टकलू, टायवाला, उंच मुलगी, स्वागताच्या बाई आणि खालच्या मजल्यावरून गंमत बघायला आलेले सहाजण, असे सगळे मला पाठीमागून बघत होते.

"सात महिने काय केलंत?"

"सात," मी म्हणालो.

"हो, सात."

"महिने."

"हो, महिने. पुढं?"

पुढं काही नाही! सदतीस कुलपं, आजोबांची पेटी, सगळं डोक्यात होतं आणि एकही अक्षर बाहेर येत नव्हतं. टेबलावर टाचण्यांची डबी होती. तिचं झाकण मी उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. साहेब डबीकडे बघत होते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांसमोर बायको आली, नोंदणीच्या खिडकीवर बसलेली, पुढच्या माणसाला नाव विचारणारी. आणि एकदम माझ्या तोंडून एक अख्खं वाक्य बाहेर पडलं.

"साहेब, दार मी मोडलं!"

साहेब उभे राहिले. उभे राहूनही फारसा फरक पडला नाही, पण चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही? मग तो मिस्त्री?"

"तोही मीच."

"अहो, बसा हो साहेब," मॅडम म्हणाल्या. "अर्ज माझ्यासमोरच होता. कुलपांचा कारखाना, अकरा वर्षं, सात महिने रिकामे. मला वाचता येतं! पण मी म्हटलं, माणूस इतकं छान बोलतोय, तर बोलू द्यावं. आमची तोंडं बघितली की गप्प होईल."

आणि झालं तसंच होतं.

मग दोघे बराच वेळ हलक्या आवाजात बोलले. मी डबी उघडत-लावत बसलो. शेवटी साहेबांनी घसा साफ केला.

"भांडारपालाची जागा त्या उंच मुलीला देतोय आम्ही. चार अडकलेली माणसं, एक जग पाणी, सहा बिस्किटं. अर्धा तास तिनं सगळं पुरवलं आणि वर एक बिस्किट शिल्लक! आता तिची आणखी काय परीक्षा घ्यायची?"

म्हणजे माझं मन शांत करायला मी जे मोडलं, त्यात तिची मुलाखत झाली होती, तीही झोपून उठल्या उठल्या! मला हसावं की रडावं कळेना. घरी जाऊन काय सांगायचं, हा पुढचा प्रश्न. मी उठलो, नमस्कार केला आणि वळलो.

"थांबा, निघालात कुठं?" मॅडम म्हणाल्या. "आमचा देखभालीचा माणूस ह्या महिन्याअखेर निवृत्त होतोय. तीन मजले, एकशे चौदा दारं. तुमच्यासारखा कान असलेला माणूस हवाच आहे आम्हाला."

"मी तयार आहे!" मी ओरडलो. बोळात कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. बायकोला आजपासून एकच पाळी, असा हिशेब मी मनातल्या मनात करूनही टाकला.

"तसं नाही चालत," साहेब म्हणाले. "नियम आहे. आज अर्ज द्या. सोमवारी दहा वाजता ह्याच खोलीत रीतसर मुलाखत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही हो. मगाशी बोललात तसंच बोलायचं, की नोकरी तुमची!"

टाचण्यांची डबी हातात परत कधी आली, कळलंच नाही.

"आणि सोमवारच्या आत ते दार बसवून टाका," साहेबांनी कागद गोळा करत सांगितलं.

"बसवतो, साहेब. नवीन लॅच घालून, पक्कं बसवतो. फक्त एक विनंती होती."

"बोला ना."

"सोमवारी ते दार लावलेलंच ठेवाल का? मी बाहेरच उभा राहीन म्हणतो!"